आबांची स्मरणिका काढताना

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं तसं घरात वर्षश्राद्धाचं बोलणं निघालं. काका म्हणाले जेवण साधंच करूया, त्यापेक्षा आबांवर एक छोटी स्मरणिका काढू, नातवंडांना कळंल तरी आपला आज्जा कोण होता ते. सगळ्यांना पटलं आणि काम माझ्याकडं आणि ताईकडं आलं. त्यानंतर दोन-तीन मित्रांनी विचारलं की तुम्ही हे कसं केलं, आम्हाला पण वडिलांवर करायचंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आणि खरं सांगायचं तर आबांबद्दल लिहायला मिळतंय म्हणून पण लिहितोय.

आबा पॅटर्नमेकर होते, म्हणजे फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळूचा साचा ज्यावरनं घेतात तो लाकडी नमुना करायचे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली एमआयडीसीत मिळून चाळीस वर्षांच्या वर काम केलं. राहायला आम्ही शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला.

सुरुवातीलाच ताईनं एक गोष्ट ठरवून टाकली. पेपरात निधनवार्तेत येतं ना, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे, परोपकारी, त्यातला एकही शब्द आपल्या पुस्तकात नको. आबांनी काय केलं तेवढं लिहायचं, कसे होते ते वाचणारा ठरवंल. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला आणि त्यामुळंच काम वाढलं, कारण "परोपकारी होते" लिहायला एक ओळ लागते पण त्यांनी कुणासाठी काय केलं हे शोधायला माणसं गाठावी लागतात.

पहिल्यांदा ट्रंक उघडली. पत्र्याची हिरवी ट्रंक, माळ्यावरची. आम्हा दोघांच्या पहिलीपासूनच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, आईच्या ऑपरेशनचे कागद, जुन्या पगाराच्या स्लिपा, रक्तदानाची कार्डं रबर लावून, ब्लू प्रिंटच्या घड्या, वह्या, आणि एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी पट्टी. पट्टी मी लहानपणी बघितलेली, तिला हात लावायची परवानगी नव्हती. पण ती काय आहे हे मला आत्ता कळलं, ते सांगतो पुढं.

तारखा जुळवणं सगळ्यात अवघड गेलं. आबांनी स्वतःबद्दल कुठंच काही लिहून ठेवलेलं नाही. ते गावाकडनं कोल्हापूरला कधी आले हे आईला पण नक्की माहीत नव्हतं, लग्न नंतरचं ना. शेवटी राधानगरी तालुक्यात आमच्या गावी जाऊन थोरल्या चुलत आज्ज्यांना विचारलं. वय नव्वदच्या घरात, पण डोकं एकदम साफ. ते म्हणाले, "कोयनेचा भूकंप झाला बघ, त्याच्या फुडच्या साली गेलता त्यो. कापणी झाल्याबरोबर." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे आबा १९६८ मध्ये आले, अठरा वर्षांचे असताना. जुन्या माणसांना सन विचारला की ते गोंधळतात पण भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, कुठल्या साली धरणाचं पाणी सोडलं, कुणाचं लग्न, असं विचारलं की बरोब्बर सांगतात. ज्यांना असं काही करायचं असंल त्यांनी हे लक्षात ठेवा, आणि जायचं तर लगेच जा, कारण पुस्तक छापून यायच्या आधीच ते आज्जे पण गेले. त्यांचा आवाज माझ्या मोबाईलवर आहे.

मग उद्यमनगर. आबांबरोबर मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, असलेले एक चाचा जवाहरनगरात राहतात, त्यांच्याकडं गेलो. मी पट्टी बरोबर नेलेली. त्यांनी चष्मा लावला, पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. मग नातवाची शाळेतली स्टीलची पट्टी मागवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य लावलं, आणि मला म्हणाले दुसऱ्या टोकाला बघ. आबांच्या पट्टीवरचे ३० सेंटीमीटर शाळेच्या पट्टीच्या ३० च्या पुढं गेले होते, तीन मिलिमीटर. ही श्रिंकेज पट्टी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून साच्यात ओतलं की गार होताना आकसतं, साधारण शेकडा एक, म्हणजे मीटरला १० मिलिमीटर. पोलादाचं त्याच्या दुप्पट. म्हणून लाकडाचा पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशोब करत बसायला नको म्हणून पट्टीवरच्या खुणाच ताणून मोठ्या केलेल्या असतात. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना जरासा उतार द्यायचा, नाहीतर वाळूतनं काढताना साचा ढासळतो. कुठं किती उतार, कोअर, म्हणजे आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा, कुठं बसणार, मशीनिंगला किती जादा ठेवायचं, हे सगळं आधी डोक्यात उभं करायचं आणि मग सागवानात करवत घालायची.

चाचा म्हणाले, "तुझ्या बापाचा पॅटर्न असला की आम्ही निवांत. वाळूतनं असा उचलला की साचा जाग्यावर. दुसऱ्या कुणाचा असला की ठोकून ठोकून सैल करा, साचा फुटला की परत वाळू मारा. आमचं काम पीसवर, साचा फुटला तर पैसं आमचं जायचं न्हवं." म्हणजे आबा घरी आल्यावर रात्री परत कानसपट्टी घेऊन पॅटर्नला पॉलिश मारत बसायचे, आई रागवायची की कारखान्याचं काम घरात कशाला आणता, त्याचं कारण हे होतं. मोल्डरचा साचा फुटू नये. हे आईला पण माहीत नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं तर आई काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

ही कोल्हापूरची फौंड्री म्हणजे काय चीज आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको. म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांपासून सुरू झालेली कारखानदारी, शाळा फारशी न शिकलेल्या पण हातात कला असलेल्या लोकांनी वाढवलेली. ऑइल इंजिन, पंप, साखर कारखान्याचे पार्ट. आबा त्यातलेच एक. सातवी पास. पण ड्रॉइंग वाचायला शिकले ते एका जुन्या मिस्त्रीकडनं, चहा-पाणी आणून देत, आणि मग ते सगळं पुढं दिलं.

ते असं. तालमीच्या वरच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी सकाळी आबा आयटीआयच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायचे. फुकट. हे आम्हाला माहीत होतं पण आमच्या डोक्यात ते "आबा तालमीत गेलेत" एवढंच होतं. त्यांचे विद्यार्थी गाठायला लागलो तेव्हा कळलं किती पोरं तिथनं गेलीत. एकजण आता शिरोलीत स्वतःची मशीनशॉप चालवतो, त्यानं सांगितलं की पुस्तकातली आकृती काही केल्या कळायची नाही, समोरचं दृश्य, वरचं दृश्य, बाजूचं दृश्य, सगळ्या नुसत्या रेघा. आबांनी काय केलं, साबणाची वडी घेतली, ब्लेडनं कापून तो पार्ट तयार केला आणि त्याच्या हातात दिला, म्हणाले आता वरनं बघ आणि काढ, आता पुढनं बघ आणि काढ. "मग कळलं. त्या दिवसापासनं मला ड्रॉइंगचं भ्याव न्हाई वाटलं." त्यानं ती साबणाची वडी कितीतरी दिवस ठेवलेली. आमच्या घरी साबण लवकर संपतो म्हणून आई ओरडायची ते मला आठवलं.

आता पुराची वही. पुस्तकातली सगळ्यात जास्त पानं आम्ही हिला दिली.

शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला पंचगंगेचं पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. पण पेठेतली माणसं फुटात बोलत नाहीत, पाणी जामदार क्लबला आलं का, गायकवाड वाड्याला लागलं का, असं विचारतात. आबा दोन्ही लिहायचे. तारीख, वेळ, बंधाऱ्यावर किती फूट आणि पाणी कुठं आलं. २००५ चा पूर त्या वहीत आहे, २०१९ चा आहे, २०२१ चा आहे. त्यामुळं त्यांना बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की कुठल्या घराच्या पायरीला पाणी लागणार हे आधीच माहीत असायचं.

पण खरी गोष्ट वहीच्या मागच्या बाजूला. मागनं उघडली की घरांची यादी. दर मे महिन्यात नवी केलेली, वरती साल टाकून. नावं मी देत नाही, पण नोंदी अशा आहेत: "आज्जी एकट्या, गुडघे, खुर्चीतनं न्यावं लागतं, दोन माणसं." "सून गरोदर, ऑगस्ट." "डायलिसिस, मंगळवार शुक्रवार, आधी हलवणे." "इन्सुलिन आहे, बर्फाचा डबा." "म्हैस दोन, मालक म्हशी सोडून येत नाही, आधी म्हशींची सोय." "कुत्रा चावतो." एका घरापुढं नुसतं "भांडण आहे माझ्याशी, काकांना पाठवणे" असं लिहिलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात गॅस, पेट्रोल, दूध, सगळ्याचीच ओढ. सुतारवाड्यातल्या लोकांना दरवर्षी चित्रदुर्ग मठात हलवतात, ते तर झालंच, पण ज्या गल्ल्यांत आधी कधी पाणी आलं नव्हतं तिथं पण शिरायला लागलं. आबा तेव्हा ६९ वर्षांचे. आम्ही त्यांना पाण्यात उतरू देत नव्हतो. ते तालमीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसले आणि पोरांना सांगत राहिले, आता हे घर, आता ते घर. तालमीतल्या त्या वेळच्या पोरांशी बोललो तेव्हा एकानं सांगितलं की बाहेरनं बोट घेऊन टीम आली तेव्हा त्यांना पण आबांच्या वहीवरनंच घरं दाखवली, कारण अंधारात, पाण्यात, कुठल्या घरात माणूस आहे आणि कुठलं रिकामं आहे हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्या वहीची तीन पानं नावं झाकून जशीच्या तशी स्कॅन करून छापली. अक्षर पाण्यानं फुटलंय काही ठिकाणी, ते तसंच ठेवलं.

मयतीचं पण तसंच. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, आणि दहन शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की आश्चर्य वाटतं. त्यासाठी शेणी लागतात भरपूर, म्हणून होळीला शेणी जाळण्यापेक्षा स्मशानभूमीला दान करा असं इथं बऱ्याच तालमी, मंडळं करतात. आमच्या तालमीत ते आबांनी लावून धरलं. होळीच्या आधी आठवडाभर हातगाडी घेऊन फिरायचे. आणि पेठेत कुणी गेलं की रात्री दोन वाजता पण आमचंच दार वाजायचं, मग आबा उठून शर्ट घालायचे, आधी डॉक्टरचा दाखला घ्यायला माणूस पाठव, मग सामान, मग नातेवाइकांना फोन, रक्षाविसर्जनाची वेळ ठरवून बोर्डावर लिही, सगळं. त्या घरातल्या माणसांनी फक्त रडायचं, बाकी कशाला बघायचं नाही, असं त्यांचं म्हणणं असायचं. आबा गेले त्या रात्री मी फोन हातात घेऊन उभा होतो, कुणाला लावायचा सुचत नव्हतं, आणि दहा मिनिटांत तालमीची पोरं दारात. मला कशालाच हात लावू दिला नाही.

रक्तदानाच्या कार्डांचा विषय पुस्तकात अर्ध्या पानात संपवला. दर तीन महिन्यांनी द्यायचे, ६५ वय झाल्यावर रक्तपेढीत घेईनात म्हणून नाराज झाले होते काही दिवस. तेवढंच.

घरच्या माणसाबद्दल लिहायचं कुणी यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. लोकांसाठी एवढं करणारा माणूस घरी नसतोच असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय. आबा असायचे. आईच्या ऑपरेशननंतर तिला जवळजवळ वर्षभर जड काम बंद होतं, तेव्हा आबा पहाटे उठून भाकऱ्या करायला शिकले. शिकले म्हणजे खरंच शिकले, शेजारच्या मावशींना विचारून, पीठ किती गरम पाण्यात मळायचं, थापताना कड कशी सारखी ठेवायची. ताई म्हणते त्यांची भाकरी आईपेक्षा गोल असायची, मापातली. आईचे डबे, आमचे डबे, मग स्वतःचा, आणि सायकलवरनं उद्यमनगर. ताईला दहावीनंतर गव्हर्मेंट पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला घालायचं म्हटल्यावर भावकीत बरंच बोलणं झालं, पोरीला कशाला कारखान्याचं शिक्षण. आबांनी कुणाशी वाद घातला नाही, फी भरून आले. ट्रंकेत ती पावती आहे. ताईनं स्वतः तो भाग लिहिला आणि मला एक शब्द बदलू दिला नाही.

मंदीत कारखाना बंद पडला आणि आबा काही महिने घरी होते तो काळ पण आम्ही घातला. काका नको म्हणत होते. पण आई म्हणाली घाला, त्या वेळी ते दारोदार जाऊन खिडक्या-दारं दुरुस्त करत होते आणि संध्याकाळी तुमचा अभ्यास घेत होते, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

एक गोष्ट मात्र घातली नाही. ट्रंकेत अजून एक छोटी वही होती, हातउसन्या पैशांची. नाव, रक्कम, कशासाठी. "दवाखाना", "फी", "बियाणं", "पोरीचं लग्न". बऱ्याच नोंदींपुढं तारीख आणि "आले". आणि बऱ्याच नोंदींवर एक आडवी रेघ आणि शेवटी "मिटलं", पैसे आल्याची तारीख नाही. मला वाटत होतं नावं झाकून एखादं पान छापावं, पुराच्या वहीसारखं. आईनं वही हातातनं काढून घेतली. म्हणाली, "त्यांनी मिटलं म्हणून लिवलंय न्हवं? मग तू कशाला उघडतोस?" रकमा बघून पण कुणीतरी कुणालातरी ओळखलं असतं, पेठ केवढी ती. वही आता आईच्या कपाटात आहे.

छपाईचं थोडक्यात सांगतो कारण मित्रांनी तेच जास्त विचारलेलं. माणसांशी बोलताना मोबाईल रेकॉर्डर चालू ठेवायचा, पण आधी विचारून. समोर कागद-पेन घेऊन बसलं की माणसं भाषण करायला लागतात, "आबा म्हणजे एक थोर व्यक्तिमत्त्व", तसलं. वस्तू समोर ठेवली, पट्टी, जुना फोटो, ड्रॉइंग, की आपोआप बोलतात. जुने फोटो मोबाईलवर काढू नका, चकाकतात, स्कॅनरवर ६०० डीपीआयला करून घ्या. टाइप युनिकोडमध्ये केलं तर प्रेसवाल्याच्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं तुटतात, आमचं "दुसऱ्या" सगळीकडं तुटलेलं, म्हणून प्रूफ छापील कागदावर वाचायचं, स्क्रीनवर नाही, आणि घरातल्या नसलेल्या एकाला तरी वाचायला द्यायचं. आम्ही डेमी साइझ घेतला, आत मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ आर्ट कार्ड, मध्ये पिन. पिन मारायची असली की पानं चारच्या पटीत लागतात. आमची ३६ झाली. मुखपृष्ठावर आबांचा फोटो टाकायचा सगळ्यांचा आग्रह, पण ताईनं पट्टीचा फोटो टाकला, आबांचा आत पहिल्या पानावर. प्रती ३०० काढल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी वाटल्या. लोक जेवायच्या आधी वाचत बसले, पंगतीला उठवावं लागलं. तालमीच्या पोरांनी पुराच्या वहीची पानं मोबाईलवर काढून घेतली, यंदाची यादी त्यावरनं करायची म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी एक फोन आला. गडहिंग्लजकडच्या एक बाई, आता गोकुळ शिरगावला कॉम्प्युटरवर पॅटर्न डिझाइनचं काम करतात. कुणाकडनंतरी पुस्तक हाताला लागलेलं. म्हणाल्या सगळं वाचलं, पण मी नाही त्यात. कॉलेजला कोल्हापुरात खोली घेऊन राहायच्या, तालमीत पोरांच्यात जाऊन शिकणं शक्य नव्हतं, तर आबांनी त्यांना आमच्या घरी बोलावलं होतं, आई स्वयंपाक करायची आणि तिथंच शेजारी पाटावर ड्रॉइंग बोर्ड ठेवून शिकवायचे. मी तेव्हा बाहेरगावी नोकरीला होतो, मला काहीच माहीत नाही. आईला विचारलं तर लगेच म्हणाली, "ती व्हय! शेंगा आणायची गावाकडनं. बरी हाय न्हवं?" मी म्हटलं तू आधी का सांगितलं नाहीस, तर म्हणाली तू पोरांचं विचारत होतास.

त्यांनी आता दोन पानं लिहून पाठवलीत, साबणाऐवजी त्यांना बटाटा कापून दिला होता म्हणे. प्रती पण संपल्यात, म्हणून परत छापतोय. पण प्रेसवाला म्हणतोय वाढवायची तर चार पानं वाढवा. म्हणजे दोन मोकळी आहेत. १९८९ च्या पुराची वही आम्हाला मिळाली नाही, घरात पाणी शिरलं त्यात गेली असं आई म्हणते. त्या पुरात शुक्रवार पेठेत, नाहीतर सुतारवाड्यात आबांच्या बरोबर कुणी असंल, किंवा तुमच्या घरातल्या थोरल्यांना काही आठवत असंल, तर ते मला पाहिजे. नुसतं पाणी कुठपर्यंत आलेलं आणि कुणाला कुठं हलवलं एवढं सांगितलं तरी चालंल, मी येऊन रेकॉर्ड करून घेतो.